धबधब्यावरची कैरी

गोविंदभाऊ गेल्याची चिठ्ठी लाकडाच्या ट्रकवाल्याने आणून दिली तेव्हा मी अंगणात कुरड्या घालत होते. होळी होऊन आठवडाही झाला नव्हता. एटापल्लीकडून वडशाला येणारे ट्रकवाले सगळे भाऊच्या ओळखीचे. त्यांच्या हाती तो कधी चारोळी पाठवी, कधी मध. म्हणून मी मान वर न करताच म्हटलं, "ठेवा तिथी ओट्यावर." तो गडी काही ठेवेना, जागचा हलेना. मग मी हात पुसले... चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी सकाळी सगळं संपलं. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती हो माझ्या भावाने! कुरड्यांचा चीक त्या दिवशी तसाच पातेल्यात राहिला.

भाऊ मास्तर होता, हे सांगायला हवं. एटापल्लीच्याही पुढे, जिथे सायकल माणसाला नेत नाही तर माणूस सायकल खांद्यावर नेतो, अशा जंगलातल्या माडिया आदिवासींच्या गावात त्याने शाळा काढली. त्या गावाला आमच्या घरी सगळे 'धबधब्याचं गाव' म्हणत. मी पहिल्यांदा तिकडे गेले तेव्हा एकोणीस वर्षांची होते, लग्न व्हायचं होतं. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेलेली, भाऊला करून घालायला कोणी नव्हतं. खरं सांगू? भावाचा पुळका वगैरे काही नाही. त्याने पत्रात लिहिलं होतं, "इथी एक धबधबा आहे, भर उन्हाळ्यातही आटत नाई. तुले दाखवीन." तेवढ्यासाठी मी दोन दिवस बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेतली.

गेल्यावर पाहते तर शाळेला अजून शाळाच नव्हती. कुडाची एक खोली, एक फळा, आणि कोरा पट. वरच्या साहेबांनी बजावलं होतं, चैत्र संपायच्या आत पटावर वीस नावं दिसली नाहीत तर शाळा दुसऱ्या गावाला देऊ. भाऊ अख्खा हिवाळा घरोघर फिरला होता. गाव त्याला बसायला खाट द्यायचं, ताडी विचारायचं, पण पोरांचं नाव काढलं की सगळे गायत्याकडे बघायचे. गायता म्हणजे गावदेवाचं, सणावारांचं पाहणारा म्हातारा. लालसू त्याचं नाव. तो हो म्हणेना, नाहीही म्हणेना. आणि एके सकाळी तोच दारात उभा राहिला नि भाऊला म्हणाला, "बहीण आली ना तुझी? चाल, पाणी दाखवतो तिले." भाऊचा चेहरा असा उजळला म्हणता! माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "कुसमे, हा कोणालेच नेत नाई तिथी. आता नावं आली समज."

चांगले दोन तास चाललो. लालसू पुढे, खांद्यावर कुऱ्हाड, मागे वळून पाहणं नाही. ऊन तापलेलं, पायाखाली सागाची वाळकी पानं करकरत होती. आणि एका वळणावर एकाएकी गारवा लागला. आधी गारवा, मग आवाज, आणि मग ते पाणी! पावसाळ्यातलं रौद्र रूप नव्हतं ते. काळ्या कातळावरून मोकळं सोडलेलं पांढरं लुगडं जणू, एकसारखं खाली येतंय. खाली डोहात मासे दिसत होते. मी तर पाय सोडून बसलेच खडकावर. आणि काय बाप्पा, डोक्यावर आंब्याची फांदी, कैऱ्यांनी लगडलेली! आता माझी खोड सांगते. कैरीच्या दिवसांत माझ्या पदराच्या गाठीला मीठ बांधलेलं असे, असेच. हात वर केला, कैरी तोडली, खडकावर आपटून फोडली, मिठाला लावली आणि कचकन चावली. त्या पाण्याच्या तुषारांत ती कैरी अशी लागली की काय सांगू...

लालसू माझ्याकडे बघत होता. रागावला नाही, ओरडला नाही. कुऱ्हाड उचलली आणि आल्या वाटेने चालू लागला. भाऊचा चेहरा पांढराफटक पडला. "काय केलंस हे, कुसमे?" एवढंच तो म्हणाला. मला तोंडातला घास गिळावा की थुंकावा कळेना.

दुसऱ्या दिवशी आमच्या दारात कुत्रंही फिरकलं नाही. मग भाऊने मला समजावलं. ह्या लोकांत नवं फळ आलं की त्याचा आधी पंडुम होतो, म्हणजे सण. देवाला आणि गावातल्या गेलेल्या माणसांना पहिला आंबा द्यायचा, मगच जित्या माणसांनी तोंडाला लावायचा. तोवर लेकरूसुद्धा कैरीला हात लावत नाही. "आन् तू त्यांच्या मेलेल्यांच्या ताटातलं उचलून खाल्लं," भाऊ म्हणाला. मी रडरड रडले. म्हटलं, "मले काय माहीत? तू काऊन नाई सांगितलं?" तो म्हणाला, "मलेच कुठी धड ठाऊक होतं? नुसतं ऐकलं होतं. आठ महिने झाले इथी, मी यांना शिकवाच्या गोष्टी करून राह्यलो, पण यांचं काईच विचारलं नाई."

आणि उठला तो थेट लालसूच्या अंगणात जाऊन बसला. मीही मागोमाग, पदर तोंडाशी धरून. माझी बाजू घेईल, पोर अडाणी आहे म्हणेल, असं मला वाटलं होतं. छे! तो म्हणाला, "गायता, चूक बहिणीची नाई, माझी आहे. मास्तर मी, पण हे मले येत नाई. तुमी शिकवा." लालसूने चिलीम भरली, ओढली, पुन्हा भरली. शेवटी म्हणाला, "एक कोंबडी दे. आन् पंडुम होवस्तोवर आंब्याले हात नोको लावू." भाऊ लगेच म्हणाला, "आमी दोघंही नाई लावणार." नुसता बोलून थांबला असता तर ठीक! घरी येऊन पठ्ठ्याने आईने दिलेल्या लोणच्याच्या बरणीलाही फडकं बांधलं. ते लोणचं गेल्या वर्षीचं, त्याला तर लालसूचीही हरकत नव्हती. पण भाऊचं सगळं असंच, सव्वा हात पुढे. भात नि आंबाडीची भाजी खाऊन खाऊन मी त्याला मनात काय काय नावं ठेवली, ती इथे लिहीत नाही.

चैत्राचे चार दिवस उरले असताना पंडुम झाला. ढोल वाजले, पूजा झाली, आणि लालसूने आंब्याची पहिली फोड माझ्याच हातावर ठेवली. म्हणाला, "खा आता. मिठाची गाठ आणली का नाई?" सगळं गाव हसलं. मी हसता हसता रडले. मग त्याने आपल्या नातीला, जुरीला, हाताला धरून भाऊपुढे उभं केलं नि म्हणाला, "इचं नाव लिव्ह पहिलं." त्या संध्याकाळी पटावर तेवीस नावं होती.

पुढे मी लग्न होऊन वडशाला आले. भाऊने मात्र तो नेम सोडला नाही, आणि मलाही सोडू दिला नाही. दरसाल त्याचं पोस्टकार्ड यायचं, त्यावर एवढंच : "पंडुम झाला. आता खाजो." तोवर मी कैरी खात नसे. सासरचे टर उडवायचे, दीर माझ्यासमोर मुद्दाम मिटक्या मारायचे. मारू देत! कार्ड आलं की मी मीठ घेऊन बसे.

भाऊच्या दिवसांना मी त्या गावी गेले, तेव्हा लालसू मला पुन्हा धबधब्यावर घेऊन गेला. आता तो काठी टेकत चालतो. त्याच खडकावर आम्ही बसलो. झाडाला बारीक कैऱ्या धरल्या होत्या. पाणी तसंच येत होतं.

यंदा आमच्या अंगणातलं झाड वाकलंय. घरात पन्हं झालं, मेथांबा झाला. मी हात लावला नाही. कोणासाठी थांबलेय, ते मलाच सांगता येत नव्हतं. आता कार्ड लिहिणार कोण? आणि परवा पोस्टमनने हाक मारली. पोस्टकार्डावर मोठी, गोल अक्षरं, भाऊच्या फळ्यावर असायची तशीच. जुरीचं होतं. चौथी पास झालीय ती, आता तीच धाकट्यांना मुळाक्षरं गिरवायला लावते, नवे मास्तर येईपर्यंत शाळा बंद पडू नये म्हणून. तिने लिहिलं होतं : "बाई, पंडुम झाला. आज्याने पहिला आंबा गुरुजींच्या नावाने ठेवला. त्यांनी खाल्ला. आता खाजो."

मी उठले, एक कैरी तोडली, पायरीवर आपटून फोडली आणि पदराची गाठ सोडली.