सोन्याचा डाग

माझ्या मुलीचं लग्न एका जपानी माणसामुळे मोडता मोडता राहिलं, आणि त्या बिचाऱ्याला अजून याचा पत्ता नाही.

तो व्हिडिओत होता आणि मी दुकानात. भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेला लागून माझं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. दुपारी तिथे गिऱ्हाइकं कमी आणि माशा जास्त असतात. अशाच एका दुपारी मोबाइलवर हा जपानी बाबा दिसला. फुटलेला वाडगा जोडत बसला होता. आता फुटलेलं जोडताना शहाणा माणूस जोड लपवतो की नाही? हा पठ्ठ्या त्या भेगेत चक्क सोनं भरत होता! म्हणे, वस्तू फुटली यात लाज कसली, उलट ती भेग चमकली पाहिजे. या कलेला म्हणतात किंत्सुगी. माझे डोळे भरून आले. (व्हिडिओ पाहून माझे डोळे लवकर भरतात. माझ्या बायकोचं, सुनंदाचं म्हणणं, घरातलं काम पाहून कधी भरत नाहीत.)

नुसतं पाहून थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण करून पाहायची वेळ त्याच आठवड्यात आली.

रविवारी तुमसरहून पल्लवीला पाहायला पाहुणे यायचे होते. पल्लवी माझी एकुलती एक लेक. भंडाऱ्याला लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते आणि घरी आली की माझं डोकं. मुलगा निखिल, वडिलांसोबत धानाची गिरणी पाहणारा. एका मैत्रिणीच्या लग्नात दोघांची ओळख झाली होती. पल्लवी तोंडाने काही बोलली नव्हती, पण रविवारी कोणता ड्रेस घालू हे आईला पुन्हा पुन्हा विचारत होती. समजणाऱ्याला समजलं होतं. पोरीच्या मनातलं स्थळ, आणि घरात माझ्यासारखा बाप! याआधी एक स्थळ आलं होतं, तेव्हा मुलाच्या वडिलांच्या शर्टाला कुबट वास आला म्हणून मी त्यांना सांगून बसलो, की तुमच्या घराच्या भिंतींना ओल आहे. ते चहा यायच्या आधीच उठले, पुन्हा कधी दिसले नाहीत.

म्हणून या खेपेला सुनंदाने आधीच दम भरला.

"अजी, यावेळेस तोंडच उघडू नोका. हो अन नाही, बस."

"अन त्यायनं काही इचारलं तं?"

"तं खोकत बसजा."

तोंड बंद ठेवायचं म्हटल्यावर हात मोकळे राहिले. म्हणून शुक्रवारी मी शोकेस पुसायला काढली. त्यात सुनंदाच्या माहेरचा, आंदणात आलेला चिनी मातीचा कपांचा सेट होता. आमच्या लग्नापासून त्यात कोणी चहा प्यायलेलं नव्हतं. सुनंदा म्हणायची, पोरीला पाहायला येतील तेव्हाच तो निघेल. मी स्टुलावर चढलो, फडकं झटकलं, आणि एक कप खाली!

सुनंदा धावत आली.

"ट्रक गेला न हायवेनं," मी म्हणालो. "सारं घर हाललं."

"ट्रक शोकेसमंधून गेला का?"

सेटमध्ये सहा कप. पाहुणे पाच आणि सहावा मी. सुनंदा खाली बसून तुकडे वेचू लागली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "अपशकुन झाला बाप्पा! परवा पाहुने, अन आज घरात फुटलं!" ते पाणी पाहून मला इतकं कसंनुसं झालं, की तोंडून निघून गेलं, "थांब, मी किंत्सुगी करतो."

"ते कोनाचं आडनाव होय?"

मी समजावलं. तिच्या डोक्यात काही शिरेना. शेवटी सोप्या भाषेत सांगितलं, "अवो, डाग लावतो. सोन्याचा." आमचा भाग पडला पितळेच्या भांड्यांचा. बादली गळली, घागर फुटली, की लोक डाग लावून आणतात. हे तिला लगेच पटलं. तेव्हापासून आमच्या घरात किंत्सुगीचं नाव पडलं डाग. हा एवढासा शब्द रविवारी माझ्या गळ्याशी येणार आहे, याची मला तेव्हा काय कल्पना!

खरं सोनं भरायची आपली ऐपत नाही. दुकानातून पक्क्या गोंदाच्या दोन ट्यूबा आणल्या, त्या समसमान कालवल्या, त्यात देवळाच्या कळसाला मारतात ती सोनेरी पावडर घातली आणि तुकडे जोडले. कप उभा राहिला! फक्त तो किंचित डावीकडे कलायचा, मान अवघडलेल्या माणसासारखा. आणि सोनेरी रेघ जपान्याच्या वाडग्यावर कशी केसासारखी बारीक होती. माझी गांडुळासारखी जाड आली. ट्यूबवर स्पष्ट लिहिलं होतं, खाण्यापिण्याच्या भांड्याला वापरू नये. मग ठरलं, की तो कप मी घ्यायचा, रिकामाच, आणि पाहुण्यांसमोर त्यातून चहा प्यायल्याचं नाटक करायचं.

"बोलाले मनाई, आता प्यालेबी मनाई," मी म्हणालो.

"श्वास घ्याले मनाई नाही, तेवढं पाहा," सुनंदा म्हणाली.

रविवारी पाहुणे आले. निखिलचे वडील हेमराजभाऊ, आई, काका, स्वतः निखिल आणि त्याची आत्या. आत्याबाई म्हणजे त्या घरचं हायकोर्ट. त्यांनी मान हलवली तरच पुढची बोलणी होणार, हे आम्हाला मध्यस्थाने आधीच सांगून ठेवलं होतं. मी ठरल्याप्रमाणे "हो" म्हणालो, "नाही" म्हणालो, मध्ये एकदा खोकलोही. मग राहवेना, म्हणून कप पाहायला स्वयंपाकघरात गेलो.

"डाग दिसून राहिला का अजून?" मी कुजबुजलो.

"चमकते न बाप्पा! किती लपवू?" सुनंदा.

"भिंतीकडं तोंड करून ठेव. पाहुने जाईपर्यंत दिसला नाही पाहिजे."

"अन दिसला तं?"

"एकदा सोयरीक पक्की होऊ दे. मंग कोनाले मालूम पडलं तरी काय होते?"

पाठीमागे मोरीत नळ बंद झाल्याचा आवाज आला. हात धुवायला आत्याबाई तिथे गेल्या होत्या.

मी बैठकीत येऊन बसतो न बसतो, तोच आत्याबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. पलीकडे हेमराजभाऊ आणि काका यंदाच्या धानावर बोलत होते. आत्याबाईंनी आवाज खाली घेतला.

"भाऊ, डागाचं आलं जी माह्या कानावर."

अपशकुन, फुटकं भांडं, झालं सगळं! मी सुनंदाची आज्ञा मोडून तिसरा शब्द काढला.

"मी लपवनार नव्हतो जी. हिचंच म्हननं होतं." (संकटात मी आधी बायकोला पुढे करतो.)

"कवापासून हाय?"

"परवापासून."

"एवढ्यातच? अन झालं कशानं?"

"खाली पडल्यानं."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "काही लावलं का मंग?"

"दोन ट्यूबा लावल्या. अर्धी ही, अर्धी ती, कालवून."

"कोन्या डाक्टरच्या?"

"डाक्टर कायले? माह्याच दुकानातल्या."

आत्याबाई थोड्या मागे सरकल्या. "रंगाच्या दुकानातल्या?" मला वाटलं, बाईंना यात रस दिसतो.

"दुसऱ्याच्या हाताले लागत तं नाही?"

"आता नाही. पक्का वाळला. पयल्या दिवशी माह्या बोटाले लागला होता, पन थिनरनं घासून काढला."

"अन हाय कुठून कुठंवर?"

"कानापासून निंगते," मी कपाच्या कानाची जागा हवेत दाखवत म्हणालो, "अन थेट बुडापर्यंत जाते."

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला.

"पन दिसते छान!" मी धीर देत म्हणालो. "जपानमंधी तं लोक मुद्दाम करून घेतात."

त्या उठल्या. हेमराजभाऊंच्या कानाशी लागल्या. हेमराजभाऊंना भज्याचा ठसका लागला. त्यांनी काकांना सांगितलं, काकांनी निखिलच्या आईला. एका कानावरून दुसऱ्या कानावर जाताना एकेकाचा चेहरा पडत होता, आणि मी मनात म्हणत होतो, एका कपासाठी एवढं?

तेवढ्यात पल्लवी चहाचा ट्रे घेऊन आली. केस मोकळे, कानात मोठे झुमके. सगळे तिच्या कानांकडे टक लावून पाहू लागले. मला वाटलं, झुमके आवडले. मी माझा कप उचलून रेघ स्वतःकडे फिरवली आणि फुंकर घालून हवेचा एक लांब घोट घेतला.

"इकडं ये न माय, बस माह्यापाशी," आत्याबाई म्हणाल्या. पल्लवी बसली. त्यांनी हळूच तिचे केस बाजूला केले. एका कानामागे पाहिलं, मग दुसऱ्या. मानेपर्यंत पाहिलं. पुढे पाहायची सोय नव्हती.

"वरतं तं काहीच नाही," त्या भावाला म्हणाल्या. "खाली असन."

हेमराजभाऊंनी चहा न पिता कप खाली ठेवला आणि उभे राहिले.

"ठीक हाय मंग. कळवतो आम्ही."

मुलीच्या बापाला हे शेवटचे दोन शब्द कुठल्याही भाषेत कळतात. पल्लवीचा चेहरा उतरला. तिने एकदा निखिलकडे पाहिलं आणि मान खाली घातली. काका चपला शोधू लागले. मी रिकाम्या कपातून आणखी एक घोट घेतला.

"बाबा, बसा," निखिल म्हणाला. इतका वेळ तो बोललाच नव्हता. "असला डाग तं असू द्या. मले चालते."

"अरे, कानापासून..."

"कुठूनबी असू द्या न! मले पोरगी पसंत हाय."

पल्लवीने मान वर केली. "कोनता डाग?"

आत्याबाई नजर चुकवत म्हणाल्या, "तुह्या बाबानंच सांगतलं माय. पडली म्हने तू. थिनरनं घासते म्हने."

पल्लवीने माझ्याकडे पाहिलं. दारात सुनंदा झारा घेऊन उभी होती, तिनेही पाहिलं. अचानक माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात मला माझाच चेहरा दिसला.

"कपाचा जी!" मी ओरडलो. "ह्या कपाचा डाग! हा पाहा कान, अन हे बूड!" आणि बूड दाखवायला मी कप भर बैठकीत उलटा केला. निखिलची आई घाईने साडी आवरत मागे सरली. एक थेंबही पडला नाही.

"अन चहा?" काकांनी विचारलं. "मंघापासून काय पिऊन राहिले होते तुम्ही?"

मी खोकलो.

मग सगळं सांगावं लागलं. जपानी बाबा, ट्रक, ट्यूबा, कळसाची पावडर, सगळं. हेमराजभाऊ हसता हसता सोफ्यावर आडवे झाले. काकांनी चपला परत काढल्या. पण पल्लवी हसली नाही. ती आत्याबाईंना शांतपणे म्हणाली, "अन आत्या, मले खरंच डाग असता तं? चहा न पेता गेले असते?"

आत्याबाई तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "चुकलं माय माह्यं. पोट्टा शहाना निंगाला, मी नाही." मला त्या क्षणी दोघींचाही फार अभिमान वाटला, आणि स्वतःला कुठे लपवू ते कळेना.

हेमराजभाऊ म्हणाले, "जा बाप्पा, दोघं जन वरतं बोलून या." निखिल आणि पल्लवी गच्चीवर गेली. आमच्या गच्चीवर रंगाचे रिकामे डबे सोडून बोलण्यासारखं काही नाही, पण ती दोघं बराच वेळ खाली येईनात. आत्ता पोराने विचार बदलला तर? जिन्याशी जाऊन कान द्यावा असं वाटत होतं, पण सुनंदाच्या हातात झारा अजून होता. शेवटी दोघं उतरली. निखिल म्हणाला, "हो." पल्लवीही म्हणाली, "हो." आत्याबाईंनी मान हलवली, साखर वाटली गेली, आणि मी भरल्या डोळ्यांनी सगळ्यांच्या पाया पडायला निघालो. मुलाच्या काकांनी अडवलं. ते माझ्याहून लहान होते.

पाहुणे गेले. मी कॉलर ताठ करून पल्लवीला म्हणालो, "पाहिलं? बाप चुकला, पन पोट्ट्याची परीक्षा झाली न! आता सांग, वरतं काय इचारलं त्यानं तुले?"

"काही नाही बाबा. एकच गोष्ट."

"कोनती?"

"तो म्हने, तुह्या बाबाले जे हाय, ते खानदानी तं नाही न?"

"अन तू काय सांगतलं?"

"मी शपथ घेतली तेव्हा कुठं तो हो म्हनला."