फ्रीजवरची चादर

बाईंनी माझ्या पलंगावरची चादर ओढली आणि माझ्याच फ्रीजवर टाकली.

"गरिबाची साक्ष आहे वो, अन् मागं फ्रीज दिसून राह्यला! पाहणारे काय म्हणतीन?"

पाच मिनिटांपूर्वी त्याच फ्रीजमधलं थंड पाणी त्या चौघांनी घटाघटा प्यायलं होतं. रिकामे पेले अजून माझ्या हातात होते.

चौघं म्हणजे आमच्या चर्चचे पाळक साहेब, एका पंचाची बायको म्हणजे या बाई, आणि नागपूरहून कॅमेरा घेऊन आलेले दोन पाहुणे. बाईंच्या घरची हिंगणघाटात दोन दुकानं आहेत. मी जिनिंगमध्ये कापूस निवडते. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. चर्चच्या वार्षिक सभेत दाखवायला साक्षीचा, म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगणारा, व्हिडिओ हवा होता. पैशानं गरीब, आत्म्यानं श्रीमंत अशी विधवा. पंचांच्या कमिटीनं एकमतानं मला निवडलं. मला विचारलं कोणी नाही, नुसतं कळवलं.

तरी मी हो म्हटलं, कारण मला पत्र हवं होतं. पोरगी बारावी झाली. मिशनच्या नर्सिंग कॉलेजात अर्ज करायचा तर पाळकांचं पत्र जोडावं लागतं, की ही आमच्या मंडळीतली आहे, वागणुकीनं चांगली आहे. तीन रविवार मी मागत होते. "व्हिडिओ होऊ द्या, मग पाहू," साहेब म्हणाले. पाळकांच्या बाबतीत ही म्हण वापरू नये, पण अडला हरी गाढवाचे पाय धरी.

"फ्रीज कुठून आणला वो?" बाईंनी विचारलं.

मी पटकन म्हटलं, "सासूचं सुगरचं इंजेक्शन ठेवाले घेतला, बाई. डॉक्टरनं सांगतलं होतं."

खोटं. साफ खोटं. सासूला शुगर नाही. म्हातारी आंजी गावात दिराकडे राहते आणि दिवसातून तीनदा गोड चहा पिते. फ्रीज मी थंड पाण्यासाठी घेतला. मे महिन्यात हिंगणघाटात पत्र्याखाली एक दुपार काढा, मग बोला. पोरीला घरी कुल्फी करून पाहायची होती, हेही एक कारण. जुना आहे, आवाज करतो, पण माझ्या मजुरीचा आहे.

साहेबांनी मान हलवली. "मग ठीक आहे. गरजेची वस्तू आहे." म्हणजे मला माफी मिळाली. माझ्या घरात, माझ्या वस्तूसाठी.

पोरगी ओट्यापाशी उभी होती. जवळ येऊन हळूच म्हणाली, "माय, काऊन खोटं बोलून राह्यली तू?"

लाज वाटली. फ्रीजची नाही, माझीच. आणि लाजेच्या मागोमाग राग आला.

मागच्याच महिन्यात बाईंनी गाडी घेतली. पांढरी, मोठी. चर्चच्या फाटकात आणून उभी केली. साहेबांनी बोनेटवर हात ठेवून प्रार्थना केली. प्रभूनं भरभरून दिलं म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवून गाणं म्हटलं, पेढे खाल्ले. त्या गाडीवर चादर टाकायचं कोणाला सुचलं नाही. त्यांची गाडी आशीर्वाद, माझा फ्रीज मोह. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे देवाच्या घरातही चालतं तर!

मी प्रभूला मानते. मनापासून मानते. नवरा गेला त्या वर्षी कापूस निवडता निवडता मी प्रभूशीच बोलत होते, ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. म्हणूनच जीव जळतो. त्यानं दीनांना धन्य म्हटलं, हे मला लहानपणापासून पाठ आहे. त्यांना तसंच दीन ठेवा, असं त्यानं कुठं म्हटलं? आत्म्याचं धन आम्हाला आणि बाकी सगळं तुम्हाला, ही वाटणी केली कोणी?

बाईंनी मला वरून खाली न्याहाळलं. "ही साडी चांगली दिसते वो. जुनी नाई का एखांदी? अन् खुर्चीवर नका बसू, खाली बसा. नॅचरल वाटंल."

"मी साडी नाई बदलत," मी म्हटलं आणि खुर्चीवर बसले.

कॅमेरा सुरू झाला. साहेबांनी आवाज मऊ करून विचारलं, "सांगा ताई, घरात पैसा नाही, पण मनात शांती आहे ना?"

उत्तर मला आधीच पढवलं होतं. मला काही उणं नाही असं म्हणायचं आणि वर पाहायचं.

मी समोर पाहिलं. "शांती नाई, साहेब. पोरीचं पत्र तुमच्याकडे अडलं, मले शांती कुठून येईन? मले पैसा पाह्यजे. पोरगी शिकवाची आहे. अन् मी आत्ता खोटं बोलली. सासूले सुगर नाई. फ्रीज थंड पाण्यासाठी घेतला."

कॅमेरा बंद झाला. पाहुणे वायर गुंडाळायला लागले. बाई म्हणाल्या, "किती केलं आपण यांच्यासाठी!" केलं म्हणजे दर नाताळात एक साडी, देतानाच्या फोटोसकट.

मंगळवारी मी पत्रासाठी साहेबांच्या घरी गेले. त्यांनी दारातूनच सांगितलं, "आधी थोडी नम्रता शिका. पत्राचं कमिटी ठरवेल."

नम्रता! बारा वर्षं दर शनिवारी त्या चर्चची फरशी मी गुडघ्यावर बसून पुसते. फुकट. ती यांना कधी दिसली नाही. आज शनिवार आहे. आज मी गेले नाही.

अर्जाची शेवटची तारीख सोमवार. पोरगी म्हणते, "राहू दे माय, सरकारी कॉलेजात पाहू." तिथंही पाहू. पण हे पत्र भीक नाही. ती या मंडळीत जन्मली, इथंच तिचा बाप्तिस्मा झाला, दर रविवारी ती इथं गाते. एवढं खरं लिहून द्यायला माझी गरिबी कशाला दाखवावी लागते?

उद्या उपासनेत दुसऱ्या गीतानंतर साक्षीची वेळ आहे. त्या वेळी कोणीही उठून बोलू शकतं. मी उठणार. भर मंडळीत साहेबांकडे पत्र मागणार. बाई खोकोत, पंच डोळे वटारोत, पेटीवाला पुढचं गीत सुरू करो. पत्र हातात पडल्याशिवाय मी खाली बसणार नाही.