बक्षिसाच्या यादीतलं सहावं नाव

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी चाकूरच्या रस्त्यावरच्या एका सूतगिरणीत टायपिस्ट होते. वय एकवीस, पगार बेताचा, पण मराठी टाइपरायटरवर हात असा चालायचा की कारकून मंडळी चहाचा कप घेऊन बघत उभी राहायची. वडील गवंडीकाम करायचे. विहारामागच्या आमच्या वस्तीत टायपिंगची परीक्षा पास झालेली मी पहिली मुलगी. त्याची मला थोडी मिजासही होती.

पाऊस न पडल्याचं ते दुसरं वर्ष. कापूस आला नाही आणि गिरणीच्या बोअरही आटल्या. सूत कातायला हवेत ओल लागते, कोरड्या हवेत धागा सारखा तुटतो. त्यामुळं गिरणी तीन महिने बंद राहिली आणि कामगारांचे पगार थांबले. ऑफिसातल्या आम्हा सात-आठ जणांचे मात्र चालू होते. मग सरकारनं मदत दिली, भोंगा पुन्हा वाजला, आणि त्याच आठवड्यात कार्यकारी संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

हे साहेब पुण्याकडचे. हसरे, इस्त्रीचे कपडे, आवाज कधी चढायचा नाही. मजकूर सांगताना खिडकीशी उभे राहायचे.

"लिहा," ते म्हणाले. "गिरणीस शासनाचे अर्थसाहाय्य मिळवून देण्यात दाखविलेल्या विशेष कामगिरीबद्दल पुढील अधिकाऱ्यांना बक्षीस देण्यात यावे."

पहिलं नाव त्यांचं स्वतःचं, सहा महिन्यांच्या पगाराइतकं बक्षीस. मग चार अधिकारी, तीन-तीन महिन्यांचं. मी कागद काढायला लागले तेव्हा ते म्हणाले, "थांबा, सहावं नाव तुमचं. एक महिन्याचा पगार. मदतीचे सगळे अर्ज तुम्हीच टाइप केलेत की."

खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला. माझं नाव मी जरा जास्तच जोर देऊन टाइप केलं. त्या रविवारी लातूरला जाऊन गंजगोलाईतल्या दुकानात एक मनगटी घड्याळही बघून आले.

आता नव्या जिल्ह्याची कचेरी. तिथं खुर्च्या आल्या होत्या, कपाटं आली होती, पण आमच्या मदतीचं काम ज्या विभागात होतं तिथं मराठी टाइपरायटर यायचा होता. त्यांनी गिरणीकडं विचारणा केली. साहेब लगेच हो म्हणाले. गुरुवार-शुक्रवार मशीन आणि मी, दोघी कचेरीत. गिरणीच्या जीपमध्ये मी मशीन मांडीवर घेऊन बसायचे.

कचेरीतले अधिकारी हिमायतनगरकडचे. पान खायचे, बोलण्यात निम्मी उर्दू. पहिल्याच गुरुवारी त्यांनी एक फाईल उघडली तर आत मीच टाइप केलेला बक्षिसाचा ठराव. मदतीतला कुठलाही खर्च त्यांच्या मंजुरीशिवाय करता येत नव्हता.

"लिहा बाई. सदर बक्षीस कोणत्या विशेष कामगिरीबद्दल, याचा खुलासा करावा."

मी ते टाइप केलं. सोमवारी तेच पत्र गिरणीत पोचलं. साहेबांनी ते वाचलं आणि खिडकीशी उभे राहिले. "लिहा. मुंबईस वारंवार जाऊन केलेल्या अविरत पाठपुराव्याबद्दल."

पुढच्या गुरुवारी पानवाले साहेब, "लिहा. मदत दुष्काळामुळे मंजूर झाली आहे, पाठपुराव्यामुळे नव्हे. सबब खुलासा समाधानकारक नाही."

असं दीड महिना चाललं. प्रश्न मीच टाइप करायचे आणि उत्तरही मीच. दोघांनाही माझी गंमत वाटायची. साहेब विचारायचे, "हे सांगताना ते रागात होते का हो?" पानवाले विचारायचे, "काय जवाब येणार, काही अंदाज?" मी दोघांनाही सांगायचे, "मला मजकूर आठवत नाही, साहेब. माझं लक्ष अक्षरांकडं असतं." दोघंही हसायचे.

वस्तीत आमच्या शेजारी एक मावशी राहायच्या. गिरणीत सुताच्या लडी करायच्या खात्यात कामाला. बंद काळात त्या खडीच्या कामावर गेल्या होत्या, त्यात बोटांची नखं काळी पडली होती. एका संध्याकाळी टँकरच्या रांगेत त्या माझ्या मागं उभ्या होत्या.

"पोरी, सरकारनं पैसा दिला म्हणतेत. आमचे तीन महिन्याचे कव्हा देतेत गं? तू तर त्येच टाइप करून राहिलीस न्हवं?"

"बघते मावशी," मी म्हणाले.

"हाव, बघ. घाई न्हाई." आणि त्यांनी माझी घागर उचलून पुढं सरकवली.

ती घागर घरी नेईपर्यंत मला घड्याळाची लाज वाटायला लागली होती.

त्याच आठवड्यात कचेरीतून नवा प्रश्न आला. मागच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा छोटा. बक्षिसाआधी कामगारांचे थकलेले पगार दिले आहेत काय? हे पत्र मी टाइप केलं तेव्हा माझे हात नेहमीपेक्षा हळू चालले होते.

सोमवारी साहेब खिडकीशी उभे राहिले. "लिहा. होय, दिले आहेत."

मी हात मशीनवरून काढले.

"काय झालं?"

"साहेब, माझ्या शेजारच्या मावशींना मिळाले नाहीत."

"मिळतील हो. पुढच्या महिन्यात देऊच. तुम्ही लिहा."

"लिहिते. पण येत्या गुरुवारी कचेरीतले साहेब हे पत्र मलाच वाचायला लावतील. आणि वाचताना ते माझ्या तोंडाकडं बघतात. मला जमायचं नाही." मग मी पुढं म्हणाले, "आणि सहावं नाव काढून टाका. मी फक्त टाइप केलं होतं."

मला वाटलं, नोकरी गेली. पण साहेब खिडकीपासून येऊन खुर्चीत बसले. मजकूर सांगताना ते कधी बसायचे नाहीत.

"लिहा," ते म्हणाले. "पगार देण्याची कार्यवाही सुरू आहे."

आता लिहिलं म्हटल्यावर कार्यवाही सुरू करणं आलंच. गुरुवारी पानवाल्या साहेबांनी ते पत्र वाचायला लावलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ठीक है. आता पावत्या मागवू." दिवाळीच्या आत कामगारांना दोन महिन्यांचे पगार मिळाले. तिसरा मी गिरणीत असेपर्यंत मिळाला नाही. मावशींनी त्या पैशातून आधी देवणीला जाऊन बहिणीची भेट घेतली, मग दाराला नवी फळी बसवली.

बक्षीस त्या वर्षी कुणालाच मिळालं नाही. पुढच्या वर्षी मदतीच्या अटी संपल्या आणि पाचही जणांनी ते घेतलं, ठरावाचे शब्द तेवढे बदलले. तोही मीच टाइप केला. मला राग आला, पण खरं सांगायचं तर साहेब माणूस म्हणून मला वाईट कधी वाटले नाहीत. आपण गिरणी वाचवली असं त्यांना मनापासून वाटायचं.

त्याच सुमारास मी सरकारी भरतीचा फॉर्म भरला. परीक्षा नांदेडला, आणि नेमक्या त्या दिवशी एस.टी. बंद. साहेब कामानिमित्त तिकडंच निघाले होते, त्यांनी मला जीपमध्ये घेतलं. अहमदपूर मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "पास झालात तर आमची फाईल तुमच्या टेबलावर येईल का हो?"

"येऊ शकते, साहेब."

साहेब ड्रायव्हरला म्हणाले, "लोह्याला थांबव. बाईंना चहा पाजू."

चहाचे पैसे मी दिले. पेपर बरा गेला.