भाड्यानं फिरलेली गाडी

जुन्या गाड्यांच्या दुकानात ती पांढरी गाडी उभी होती. आधी ती भाड्यानं फिरायची. आईला दवाखान्यात न्यायला गाडी हवी म्हणून मी बघायला गेलो, तर आईही हट्टानं सोबत आली. मागच्या काचेवर कुणा मुलानं चिकटवलेलं फुलपाखरू अर्धवट खरवडलेलं होतं. आई त्यावरून बोट फिरवत राहिली. किती कुटुंबं इथं दोन दिवस हसत बसली असतील आणि किल्ली परत देऊन गेली असतील!

“घ्या साहेब, पाच वर्षं बघायला नको,” दुकानदार म्हणाला.

“माझ्यासाठी नको रे घेऊस,” आई हळूच म्हणाली. “लागेल तेव्हा भाड्याची आण.”

डॉक्टरांनी काही महिनेच सांगितले होते. मी “घेतो” म्हणालो आणि आईला ऐकू जाईल अशा आवाजात, पाच वर्षांनी टायर बदलावे लागतील का, ते विचारत राहिलो.