दोन बोटं लांब

दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडत होतो आणि मेहुण्याचा फोन आला. "दाजी, अण्णा गेलं," एवढंच म्हणाला. सकाळी चहा घेऊन पडवीत बसले होते, बसल्या जागीच मान कलली. ताईला तुम्हीच सांगा, मला नाही जमणार, असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मी कर्जतच्या ऑफिसातून घरी आलो, सुनंदाला सांगितलं, आणि तिला मोटारसायकलवर मागं बसवून खालापूरच्या रस्त्याला लागलो. सबंध वाटेत ती एकदाच बोलली. "आज रविवार असता तर तू तिथं असतास."

अण्णा म्हणजे माझे सासरे. मोहोपाड्याजवळच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर चार गुंठ्यांतली भाजी बघायचे आणि उरलेल्या वेळात मासे धरायच्या गळाच्या काठ्या बनवायचे. आमचं लग्न त्यांना मान्य नव्हतं. जात वेगळी, आणि आम्ही नोंदणी करून मोकळे झाल्यावर त्यांना कळवलेलं. त्यानंतर कितीतरी वर्षं ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मुलगी झाल्यावर सुनंदाचं माहेरी जाणं सुरू झालं, पण मी त्या दोघींना फाटकाशी सोडून मागं फिरायचो. पडवीत अण्णा खाली मान घालून काम करत असायचे. गाडीचा आवाज ऐकूनही मान वर व्हायची नाही.

शिळफाट्यापासून, भिवपुरीपासून लोक त्यांच्याकडे यायचे. काठीला कड्या बसवणं, त्यावर दोरा गुंडाळणं ही कामं अण्णा गप्पा मारत करायचे. रिळाच्या मागं मूठ किती लांब ठेवायची ते ठरवताना मात्र गप्पा बंद व्हायच्या. धरणाच्या काठावरून दोन्ही हातांनी लांब फेकणाऱ्याला लांब मूठ लागते. ओढ्यात, झाडोऱ्याखाली उभं राहून मनगटानं फेकणाऱ्याला तीच मूठ सदऱ्यात अडकते. म्हणून येणाऱ्याला ते आधी चहा द्यायचे, मग उभं करून हात पुढे करायला लावायचे, आणि कुठं उभा राहतोस, बसून फेकतोस का, खांदा दुखतो का, असं डॉक्टरासारखं विचारत राहायचे. हे सगळं मला सुनंदानं सांगितलेलं. मी स्वतः फाटकाच्या आत कधी गेलोच नव्हतो.

एका थंडीत मी दोघींना न्यायला गेलो होतो. पोर आत झोपलेली, म्हणून बाहेर थांबलो होतो. अण्णा पडवीच्या पायरीपर्यंत आले. "मासं मारता का?" माझ्याशी बोलतायत हे कळायलाच मला वेळ लागला. मी म्हटलं, कधीच नाही. "शिकायचं हाय?" मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर त्यांनी विहिरीत उतरायचं आहे का विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. "मग आत या. हात पुढं करा." त्यांनी एक कोरी काठी माझ्या तळहातात दिली, तिचं बूड कोपराखाली टेकवलं आणि पेन्सिलीनं खूण केली. त्यांची बोटं खरखरीत आणि गरम होती...

पुढच्या रविवारी आम्ही पाताळगंगेवर गेलो. मूठ काठीला नुसती चिकटपट्टीनं बांधली होती. मी फेकायला गेलो की तिचं टोक बरगडीत बसायचं. अण्णा मागं बसून बघत राहिले. घरी आल्यावर त्यांनी बारीक करवतीनं मूठ दोन बोटं कापली. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी थोडी. असं करत थंडी सरली. एकदा मी हसून विचारलं, "अण्णा, एकदाच का नाही कापत?"

"लांब ऱ्हायली तर कापता येती. आखूड झाली की जोडता येत नाय." मग पाण्याकडे बघत म्हणाले, "तुमचा राग नव्हता मला. पोरीनं इचारलं नाय, ह्याचा व्हता. तुमच्यावर निघाला."

मी गळाचा तंगूस रिळावर गुंडाळत राहिलो. त्या संध्याकाळी त्यांनी मूठ कायमची चिकटवली, आणि मी पहिल्यांदा त्या घरात जेवलो.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालायला लागले, पण उजवं मनगट ढिलं पडलं. काठी उचलली की टोक खाली झुकायचं. त्यांनी ती कोपऱ्यात ठेवून दिली आणि नदीचं नावच काढीनात. शेवटी मीच त्यांचा हात मोजला. जुनी मूठ काढून कोपराच्या मागंपर्यंत जाईल अशी लांब नवी मूठ बसवली, वर एक पट्टा लावला, म्हणजे भार मनगटावर न येता सबंध हातावर यावा. काम ओबडधोबड झालं होतं. प्लास्टिकची खुर्ची घेऊन त्यांना काठावर बसवलं. पहिला गळ त्यांच्या पायाशीच पडला, दुसरा बाभळीत अडकला. मी म्हटलं, "चला, आज पुरे." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. उन्हं उतरताना एक हातभर चिलापी मासळी लागली. मी पुढं धावलो तर ओरडले, "हात लावू नका!" डाव्या हातानं रीळ फिरवत त्यांनी ती काठावर आणली, आणि मग एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

जाण्याच्या आदल्या रविवारी काठी पुसत म्हणाले, "मूठ जाड केलीत तुमी." मी म्हटलं, घासून देतो. "नगं. आता हिचीच सवय झाली."

तेरावं उरकल्यावर मी पडवी आवरत होतो. शिळफाट्याचं एक गिऱ्हाईक फाटकाशी आलं. त्याला काही कळलेलं नव्हतं. सासूबाईंनी त्याला बसवून चहा दिला, मग सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला. त्याची काठी तयार होती, मूठ तेवढी चिकटपट्टीनं बांधलेली. त्यानं उभं राहून ती हातात तोलली आणि संकोचून म्हणाला, "जराशी लांब वाटते... पण आता राहू द्या."

"न्या तशीच. चार रविवार वापरा," सासूबाई म्हणाल्या. "मग घेऊन या. आमचं जावई कापून देतील."