भाऊ पुन्हा रेडिओवर आला

घशाच्या ऑपरेशनमध्ये भाऊचं स्वरयंत्र काढावं लागलं आणि आमचं सकाळचं रेडिओवरचं बोलणं थांबलं. तो माहेरी कळसाडीला, मी लग्न होऊन प्रकाशा गावी. तरुणपणी दोघांनी मिळून हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा दिली होती. तेव्हापासून चहाच्या वेळी त्याची हाक यायचीच. माहेरचा आवाज रोज घरात ऐकणारी आमच्या गल्लीत मी एकटीच.

ऑपरेशननंतर मी फोनवर मेसेज पाठवत राहिले. उत्तरादाखल नुसता अंगठा यायचा, पुढे तोही बंद झाला. एकदा वहिनीनंच फोन केला. "तुमना भाऊ दिनभर ओटावर बठी ऱ्हातस. फोनले हात बी लावतस नहीत. तुम्ही या एकदाव."

तेव्हा मला आमचे पॅकेट कंट्रोलर आठवले. रेडिओ आणि कॉम्प्युटरच्या मध्ये जोडायचा हा चपटा डबा. आपण टाइप केलेल्या अक्षरांचा तो चिरचिर आवाज करतो, तो आवाज रेडिओवरून जातो आणि पलीकडचा डबा त्याची पुन्हा अक्षरं करतो. गावात मोबाइल यायच्या आधी भावानं असे दोन आणले होते. माझा स्वतः येऊन जोडून दिला होता. आम्ही इंग्रजी अक्षरांत अहिराणी लिहायचो, आणि ती वाचताना मला हसू आवरायचं नाही.

माझा डबा माळ्यावरून काढून घरच्या रेडिओला जोडला आणि कळसाडी गाठली. भाऊ ओट्यावर होता, गळ्याभोवती पांढरा रुमाल. मी विचारलं, "तुन्हा डबा कोठे शे?" त्यानं हातानंच नको म्हटलं. वहिनीनं मात्र तो कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवला.

आतली बॅटरी संपल्यामुळे डबा सगळं विसरला होता. तो भावाच्या रेडिओला आणि कॉम्प्युटरला जोडून मी सगळं पहिल्यापासून भरायला बसले. आधी भावाचं कॉलसाइन, म्हणजे परवान्यावर मिळालेलं त्याचं रेडिओवरचं नाव. मग मॉनिटर चालू केला, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीवर कोणीही काही पाठवलं तरी ते पडद्यावर दिसावं. भाऊ लांबूनच बघत होता. "संध्याकाळी बोलावते तुला," एवढं सांगून मी निघाले.

संध्याकाळी घरून पाठवलं, तर काहीच उत्तर नाही. पुन्हा पाठवलं, तरी नाही. मला वाटलं, त्यानं डबा बंद करून टाकला. मग लक्षात आलं, माझा रेडिओ जुना. बटण दाबल्यावर त्याला पूर्ण जोर धरायला क्षणभर लागतो. बोलताना पहिला शब्द तुटला तरी समोरच्याला कळतं, पण पॅकेटचं, म्हणजे अक्षरांच्या त्या गठ्ठ्याचं, तोंड तुटलं की पलीकडचा डबा ते अख्खं टाकून देतो. म्हणून अक्षरं सोडण्याआधी थोडं थांबायला सांगावं लागतं. त्याला ट्रान्समिट डिले म्हणतात. मी त्याचा आकडा तीसचा पन्नास केला आणि पुन्हा पाठवलं.

जोडलं गेलं. मग एकेक ओळ उमटली.

"तू डिले कितला ठेवेल शे?"

"पन्नास."

"जास्त शे. चाळीस कर."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. ऑपरेशननंतर तो पहिल्यांदा काही बोलला होता, आणि बोलला तो माझी चूक काढायला.

मग आम्ही रोज लिहू लागलो. मध्येच गुजरातकडच्या कुणा माणसाच्या ओळी आमच्या बोलण्यात घुसायच्या. दुसऱ्याशी जोडलेले असतानाही मॉनिटर चालू ठेवला की असं होतं. तरुणपणी भावाला ते मुळीच खपायचं नाही. मी म्हटलं, ते बंद कर. त्यानं लिहिलं, "चालू ऱ्हाऊ दे. घर भरेल-भरेल वाटस."

पुढे त्यानं त्या माणसालाच हाक दिली. दोघांचं केळी आणि अँटेनावर चांगलं जमलं. मी विचारलं, ऑपरेशनचं सांगितलंस का त्याला?

"कसाले? आठे डबावर कोनले आवाज शे?"

परवा वहिनीचा फोन आला. मी म्हटलं, "भाऊ काय करी ऱ्हायना?"

"काय करतीन! डबापुढे बठेल शेतस. आते जेवाले हाका मारी मारी मी थकी जास."