पिवळ्या फितीची चौथी फाइल

चिप बनवणाऱ्या त्या कारखान्यात करारांच्या दप्तरखान्याचे एकच धनी होते. त्यांना सगळे फीतकाका म्हणत. एकवीस वर्षांत त्यांनी एकही कागद गहाळ होऊ दिला नव्हता आणि आपली खुर्ची खिडकीपासून तसूभरही हलू दिली नव्हती. कारखान्याने स्वतः शोधलेल्या तंत्राचे कागद ते हिरव्या फितीने बांधत. दुसऱ्या कंपनीकडून परवाना घेऊन वापरलेल्या तंत्राचे पिवळ्या फितीने. पिवळ्या फायलींनी कपाट भरले होते. हिरव्या एका कप्प्यात मावत.

एका मोठ्या कंपनीने कारखाना विकत घेण्याचे मनावर घेतले, तेव्हा साहेब लगबगीने खाली आले.

"काका, परवा त्यांच्या वकीलबाई येतायत. या फिती काढा आणि सगळं निळ्या फोल्डरमध्ये घाला. खेळण्यांचं दुकान वाटतंय हे!"

"साहेब, पिवळ्यांतली चौथी फाइल जरा…"

"रंग नकोत म्हटलं ना!"

चौथ्या फायलीत सर्वांत खपणाऱ्या चिपचा परवाना होता. मालक बदलल्यास तो रद्द होईल आणि देणाऱ्या कंपनीची नव्याने संमती घ्यावी लागेल, असे सातव्या पानावर लिहिले होते. काकांनी ते पान करार आला त्याच दिवशी वाचले होते. साहेबांनी सहीचे पान वाचले होते.

काकांची अडचण निराळीच होती. नवे मालक सगळे कागद संगणकात घालून दप्तरखाना बंद करणार, अशी सूचना फळ्यावर लागली होती. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. सौदा फिसकटला तर खुर्ची राहणार होती, आणि म्हणूनच काकांच्या तोंडून शब्द फुटेना.

"अहो, ताटात बघा, छतावर काय वाढलंय?" रात्री जेवताना बायको म्हणाली.

"अगं, बोललो तर लोक म्हणतील, खुर्चीसाठी बोलला."

"आणि नाही बोललात तर?"

"तर त्या बाई परवाना मिळालाच असं समजून सही करतील."

"मग बोला की! सगळ्यांची तोंडं बांधायला तुमची फीत थोडीच पुरणार आहे?"

वकीलबाई आल्या. "हे सगळं तंत्र तुमचंच ना?" त्यांनी विचारले.

"आमचंच!" साहेब छाती काढून म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते; त्यांना ठाऊकच नव्हते.

काकांनी खाकरून चौथा फोल्डर पुढे सरकवला. "बाई, हे उसनं आहे. सातवं पान बघा. आणि हे मी माझ्या खुर्चीसाठी सांगत नाही, तेवढंही लिहून घ्या."

बाईंनी पान वाचले आणि पेनाचे टोपण लावले. परवाना देणारी कंपनी त्यांच्या मालकांची कट्टर प्रतिस्पर्धी निघाली. संमती मागितली, तिचे दोन ओळींचे नकारार्थी उत्तर आले. ती चिप नसेल तर नुसत्या भिंती घेऊन काय करायचे, असा विचार करून खरेदीदारांनी काढता पाय घेतला. फळ्यावरची सूचना उतरली.

तिसऱ्या दिवशी साहेब खाली आले. "काका, खुर्ची वाचवलीत बरं का! आणि ती चौथी फाइल द्या, वाचतो."

काकांनी रजिस्टरवर सही घेऊनच ती दिली. संध्याकाळी मात्र घरी साहेबांच्या टोमण्यावरून कुरकुरले.

"एवढं लागतंय तर द्या सोडून ती खुर्ची," बायको म्हणाली.

"अगं, खुर्चीसाठी बोललो नाही, एवढंच म्हणालो. खुर्ची नको, असं कधी म्हणालो?"

दुसऱ्या दिवशी ते अर्धा तास आधी पोचले आणि निळ्या फोल्डरांना पुन्हा फिती बांधू लागले.